मानमोडे मामांची मान

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या पुरुषांना एकाएकी दाढ्या फुटल्या. आधी शिंप्याला, मग वायरमनला, मग बँकेतल्या त्या कारकुनाला, ज्याच्या गालावर केस पेरताना निसर्गानंच हात आखडता घेतलाय. बघता बघता गल्लीचा चेहरा बदलला. मला संशय आला की मला न विचारता सगळे कुठल्या तरी नव्या पक्षात गेले. मी घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना चालवते. पुष्कळ माणसं एकाच वेळी एकसारखी दिसायला लागली की त्यांच्यामागे कोणीतरी असतं, एवढं मला अनुभवानं कळतं.

मागे होते मानमोडे मामा.

मामांचं केस कापायचं दुकान माझ्या कचेरीच्या बरोबर खाली आहे. मधे नुसत्या फळ्या आणि फळ्यांना फटी. खाली कात्री चालली की वर ऐकू येते. वर मी एखाद्याची बिनपाण्यानं करत असले की खालचं गिऱ्हाईक खुर्चीत सावरून बसतं. त्यामुळे मी पुढे जे सांगतेय ते ऐकीव नाही, सरळ फटीतून आलेलं आहे.

मानमोडे हे त्यांचं आडनाव नव्हे. दाढी-कटिंग झाली की मामा गिऱ्हाइकाची मान मोडून द्यायचे, फुकट. एक हात हनुवटीखाली, एक डोक्यावर. "सैल सोडा" म्हणायचे, पण असं सांगून कोणी सैल सोडत नाही हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते एक अवघड प्रश्न विचारायचे. "मुलगा काय करतो हल्ली?" किंवा "भावाशी बोलणं सुरू झालं का?" माणूस उत्तर शोधायला आत वळला की इकडे मान कट्. गिऱ्हाईक हलकं होऊन जायचं, काही जण तर उत्तर न द्यावं लागल्यामुळे जास्त हलके व्हायचे.

दुसरा अभिमान वस्तऱ्याचा. आपल्या हातून कोणाच्या गालावर रक्ताचा थेंब आला नाही, हे ते दिवसातून एकदा तरी सांगत. मुद्दाम समोर तोंड करून सांगत, कारण रस्त्यापलीकडे बरोब्बर समोर दुसरं केस कापायचं दुकान होतं. त्याच्या मालकाला मामा 'समोरचा' म्हणत. तोही मामांना 'समोरचा' म्हणत असे. फुटपाथवर बाकडं कोणी टाकायचं यावरून दोघांचं वाजलं होतं. त्यानंतर कित्येक वर्षं ते एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. बाकडं केव्हाच कोणीतरी पळवलं, अबोला तेवढा जागेवर राहिला.

आता दाढ्यांकडे येते. माझ्या महिन्याच्या सभेत पगारी सुट्टीचा विषय चालू होता. तेवढ्यात शिंप्याची बायको उठली आणि म्हणाली, ताई, सुट्टीचं राहू दे, आधी या दाढ्यांचं बघा. तिला दुजोरा द्यायला अख्खी सभा उभी राहिली. पगारवाढीसाठी एवढ्या बायका कधी एकदम उभ्या राहिल्या नव्हत्या. सगळ्यांचं म्हणणं एकच. नवरा दाढी करायला खाली जातो आणि दाढी घेऊन परत येतो. मामा म्हणे प्रत्येकाला पटवत. शिंप्याला म्हणाले, तुमची हनुवटी आत आहे, झाकलेली बरी. वायरमनला म्हणाले, भिंती फोडताना धूळ नाकात जाणार नाही. कारकुनाला म्हणाले, दाढीत तुम्ही थेट मॅनेजर दिसता. कारकून त्याच दिवशी मॅनेजरसारखा बोलायला लागला आणि मॅनेजरनं त्याची जी हजामत केली तिला वस्तरा लागला नाही.

मी भांडायच्या तयारीनं जिना उतरले. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मामा आरशाकडे तोंड करून, डोळे मिटून उभे होते. उजव्या हाताचा अंगठा ते वस्तऱ्याच्या पात्यावर हळूच टेकवत होते, उचलत होते, परत टेकवत होते. अंगठ्यातून रक्ताची एक बारीक रेघ मनगटाकडे चालली होती. आणि त्या माणसाला ते कळत नव्हतं. मी हाक मारली तेव्हा त्यांनी डोळे उघडले, रक्त बघितलं आणि आधी दाराकडे पाहिलं, समोरच्यानं बघितलं की काय म्हणून.

मग सगळं बाहेर आलं. वर्षानुवर्षं एकाच बाजूला मान वाकवून काम. आधी मान धरली, मग खांदा, मग वीज उतरल्यासारखी कळ दंडातून मनगटापर्यंत यायला लागली. मामींनी तेल चोळलं, गरम पाण्याची पिशवी दिली, उशा बदलल्या. मामांना वाटलं, आपण सगळ्या गल्लीच्या माना सोडवतो, आपली का नाही? एका सकाळी त्यांनी आरशासमोर बसून स्वतःची हनुवटी स्वतः धरली. पण स्वतःला अवघड प्रश्न विचारून फसवता येत नाही. म्हणून त्यांनी मामींना सांगितलं, तू विचार. मामी ओट्यापाशी होत्या. त्यांनी हातातलं काम न सोडता विचारलं, "तुमच्या बहिणीनं नेलेलं माझं शिलाई मशीन कधी परत येणार?"

कट् आवाज झाला. मामा म्हणाले की असा आवाज त्यांनी कोणाच्याच मानेतून काढला नव्हता. कळ तर गेली नाहीच, उलट अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर होऊन बसलं. कात्री चालत होती, कारण कात्रीला नजर पुरते. वस्तरा मात्र बोटांच्या जाणिवेवर चालतो, नजर पोचेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. म्हणून मामांनी गल्लीला दाढ्या वाढवायला लावल्या.

"ताई, मामीला सांगू नका," ते म्हणाले. "मला दुखतंय एवढं तिला माहितेय. हात गेलाय हे माहीत नाही."

मी म्हटलं, हात गेलाय की नाही हे ठरवणारे तुम्ही कोण, चला. माणसाला दवाखान्यात न्यायचं तर विचारायचं नसतं, चपला दाखवायच्या असतात.

मोठ्या रुग्णालयात खिडकीवरच्या माणसाशी माझं जे झालं ते इथे सांगत नाही, त्याची बाजू मांडायला तो इथे नाही. आम्हाला मिळाली एक तरुण डॉक्टरीणबाई. केस घट्ट मागे बांधलेले, बोलणं मोजकं. मामांनी आत शिरताच तिच्या केसांची टोकं बघितली आणि मला हळूच म्हणाले, कापणाऱ्यानं कात्री तिरपी धरलीय. तिनं त्यांच्या बोटांना सुई टोचायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी मामा छातीठोकपणे सांगत, टोचलं. तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि डोळे मिटायला सांगितले. मग ती टोचत राहिली आणि मामा गप्प बसून राहिले. मी दुसरीकडे बघितलं.

मग त्या मोठ्या आवाजाच्या यंत्रात मानेचा फोटो काढायला पाठवलं. आतला माणूस त्यांना सारखा बजावत होता की मान हलवायची नाही. मामांनी हे वाक्य जन्मभर दुसऱ्यांना ऐकवलं होतं. बाहेर येऊन ते म्हणाले, हे किती अपमानाचं आहे हे मला कोणी कधी सांगितलं नाही.

फोटोत दिसलं ते डॉक्टरीणबाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं. मानेच्या दोन मणक्यांमध्ये गादी असते. त्यातली एक फुटून तिचा तुकडा बाजूला सरकलाय, आणि अंगठ्याकडे जाणारी नस त्याच्याखाली दबलीय. स्वतःची मान मोडून घेतल्याचं ऐकल्यावर तिनं पेन खाली ठेवलं. इतरांच्याही मोडता का, असं विचारलं. मामा म्हणाले, फक्त नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या. तिनं कागदावर एक ओळ लिहून ती दोनदा अधोरेखित केली, आणि त्या दिवसापासून गल्लीच्या माना जशाच्या तशा राहिल्या.

आधी गोळ्या, व्यायाम आणि मानेला पट्टा. पट्ट्यामुळे मामांना खाली बघता येईना. म्हणून ते खुर्ची पार वर चढवून केस कापायचे. उंच गिऱ्हाइकांना पंख्याचं वारं कानाजवळून लागायचं, ती माणसं पुढच्या महिन्यात दुसरीकडे गेली. दुखणं तसंच राहिलं आणि हातातला जोरही उतरायला लागला. कंगवा निसटून पडायचा. मामा तो उचलताना म्हणायचे, कंगव्याला तेल लागलंय.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थांबण्यात अर्थ नाही, शस्त्रक्रिया करू. शेजारी एक वयस्क डॉक्टर बसले होते. त्यांनी सांगितलं की हे बऱ्याचदा पुढून, गळ्याच्या बाजूनं करतात. मामा खुर्चीतून उठलेच. आयुष्यभर लोकांच्या गळ्यावर धार ठेवणारा माणूस, पण त्याच्या गळ्याला हात म्हटल्यावर पांढराफटक पडला. गळ्यात काय काय असतं ते मला विचारा, असं ते दोन्ही डॉक्टरांना सांगायला लागले. बाईंनी त्यांना खाली बसवलं. त्या म्हणाल्या की तुमचा तुकडा बाजूला आलाय, त्यामुळे मागूनही जाता येईल. छोटं भोक पाडायचं, पेन्सिलीएवढी नळी आत घालायची, नसेवरचं थोडं हाड घासायचं आणि तुकडा चिमट्यानं बाहेर काढायचा. दुसऱ्या दिवशी घरी.

"भोक केवढं?" मामांनी विचारलं.

"तुमच्या करंगळीच्या नखाएवढं."

"मग आतलं दिसणार कसं?"

"नळीतच कॅमेरा असतो. मी पडद्यावर बघून काम करते."

मामांनी माझ्याकडे बघितलं, जसं काही ही बाई मी शोधून आणली. "म्हणजे हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे?"

"तुम्ही आरशात बघून मिशी कापताच की," बाई म्हणाल्या.

 मग मामांनी खरा प्रश्न विचारला, आवाज खाली घेऊन. अंगठ्याला धार कळेल का? बाई म्हणाल्या की कळ बहुधा लगेच जाईल. बधिरपणा सावकाश जातो, आणि पूर्ण जाईलच असं मी लिहून देणार नाही. मला ती तिथे आवडली. खोटी आशा विकणारे मी पुष्कळ बघितलेत, त्यांच्याविरुद्ध मोर्चेही काढलेत.

तारीख ठरली. नर्सनं बजावलं की घरून मानेवरचे केस काढून यायचं नाही, सकाळी इथला माणूस मशीननं काढील. मामांनी मान डोलावली. तेव्हा त्यांची मान डोलत होती यावरूनच मी ओळखायला हवं होतं की डोक्यात काहीतरी शिजतंय. गल्लीत प्रत्येकाला माहीत आहे की मामा माणूस बघतात तो मागून. केसाची खालची रेघ सरळ आहे का, मानेवर लव राहिलीय का. मागची बाजू ही कारागिराची सही, असं त्यांचं ठाम मत. आणि डॉक्टरीणबाई तर त्यांच्या अख्ख्या देहातली मागची बाजूच बघणार होत्या, तीही मोठी करून पडद्यावर.

म्हणून रुग्णालयात निघायच्या आधी मामांनी दार लावून घेतलं. एक आरसा पुढे, एक मागे ठेवला आणि वस्तरा उजव्या हातात घेऊन स्वतःची मान गुळगुळीत केली.

सकाळी नर्सनं त्यांची कॉलर खाली केली आणि ती बाईंना बोलवायला गेली. थोड्या वेळानं सांगण्यात आलं की आज शस्त्रक्रिया होणार नाही. झालं. माझं टाळकं फिरलं. मी व्हरांड्यात उभी राहून जे सुरू केलं ते तीन वॉर्डांत ऐकू गेलं. गरिबाची तारीख पुढे ढकलायला तुम्हाला काही वाटत नाही का, श्रीमंताची मान असती तर ढकलली असती का, वगैरे वगैरे. दोन-चार नातेवाइकांनी तर टाळ्या वाजवल्या. बाईंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग त्यांनी मामांना खांद्याला धरून वळवलं आणि त्यांची मान माझ्यापुढे केली.

मानेच्या बरोबर मधे दोन लांब काप होते. त्यांच्यावर तुरटी फिरवलेली, वरून पावडर. भोवतीची कातडी लालबुंद. बाई म्हणाल्या की याच कातडीतून मला आत जायचंय, आणि अशा जखमेतून जंतू आत गेले तर मणक्यापर्यंत जातील. कातडी बरी झाल्याशिवाय मी हात लावणार नाही. मी आवाज बंद केला. टाळ्या वाजवणारे पांगले.

"हे कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

मामा म्हणाले, "समोरच्यानं."

समोरच्या खाटेवर एक म्हातारबाबा चहा पीत होते. ते दोन्ही हात वर करून म्हणाले, मी काल रात्रीच आलोय आणि मला उठताही येत नाही.

बाईंना पुढे विचारायची गरज वाटली नाही. पण मामी दारातच उभ्या होत्या आणि त्यांनी नवऱ्याचा शब्द खरा धरला. मामी साध्या, पण तापल्या की रस्ता मोकळा होतो. त्याच दुपारी त्या समोरच्याच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या. अबोला असला तरी माणसाच्या मानेवर सूड उगवायचा असतो का, माझ्या माणसाचं ऑपरेशन चुकवलंस, असलं धंद्यातलं वैर आम्ही कुठे पाहिलं नाही, असं त्यांनी गल्लीभर ऐकवलं. समोरचा एका गिऱ्हाइकाचे केस कापत होता. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग त्यानं कात्री खाली ठेवली, त्या गिऱ्हाइकाला कापडात गुंडाळलेलं तसंच सोडलं आणि रस्ता ओलांडला. गल्लीतले लोक दारात आले. तो रस्ता त्यानं ओलांडलेला कोणी कधी पाहिला नव्हता.

तो सरळ, रुग्णालयातून परतून आपल्या खुर्चीत बसलेल्या मामांच्या मागे जाऊन उभा राहिला, खाली वाकला आणि मान बघितली. बराच वेळ बघितली. मीही जिन्यावरून खाली आले होते.

"हा काप खालून वर गेलाय," तो म्हणाला. "आणि अर्ध्यात थरथरलाय. माझ्या हातचा नाही. तुझाच आहे."

मामा आरशाकडे बघत बसले.

"अंगठा गेलाय ना?" समोरच्यानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते फार वाईट वाटलं. मामींनी नवऱ्याचा उजवा हात उचलून स्वतःच्या हातात घेतला. त्यांनी अंगठा जोरात दाबला आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मामांच्या तोंडावर काही उमटलं नाही. मामी खाली स्टुलावर बसल्या.

ते शांत झालेलं दुकान समोरच्याला सहन झालं नाही. इतकी वर्षं साठवलेलं त्यानं मग एका दमात काढलं. तुझ्यामुळे माझा धंदा बसला, म्हणाला. तू अख्ख्या गल्लीला दाढ्या वाढवायला शिकवलंस. माझ्याकडे दाढीला येणारा माणूसही आता गाल कुरवाळत म्हणतो, राहू दे, मॅनेजर दिसतो. तू बरा झालास तर मी जगेन. मुकाट्यानं ऑपरेशन करून घे आणि तोपर्यंत मानेला हात लावशील तर मी स्वतः तुझे दोन्ही हात बांधीन. एवढं बोलून तो गेला. त्याचं गिऱ्हाईक कापडासकट दारात येऊन उभं होतं.

काप बरे झाले आणि नवी तारीख आली. त्या सकाळी शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर मी, मामी आणि मामींच्या पलीकडे समोरचा बसला होता. तो दुकान बंद करून आला होता, का आला ते त्याला कोणी विचारलं नाही. मामी मला म्हणत होत्या की हात नाही आला तरी चालेल, माणूस यावा. समोरचा म्हणाला, वहिनी, हात नाही आला तर हा माणूस तुम्हाला घरात चालणार नाही, बघा. रडता रडता मामींना हसू आलं आणि त्या समोरच्यावरही आणि आतल्या मामांवरही चिडल्या.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर थकवा होता आणि पुरेपूर समाधान. तुकडा निघाला होता. मामांना शुद्ध आल्यावर त्यांनी दंड हलवून बघितला. कळ नव्हती. मग हात मानेकडे न्यायला गेले, नर्सनं अडवलं. त्यांनी मामींना विचारलं, "मागून मशीन कोणी मारली? डावीकडे रेघ वर गेलीय, मला वाऱ्यावरून कळतंय." मामींनी डोळे पुसले. माणूस तरी परत आला होता.

हाताचं मात्र कोणी काही सांगू शकत नव्हतं. जोर हळूहळू भरला, कंगवा पडायचा थांबला, पण अंगठा गप्प होता. घरी मामी त्यांना डोळे मिटायला लावून तळहातावर वस्तू ठेवत. बटण, टाचणी, काडी. मामा ओळखत, पण चुकीचं. गल्लीतली दाढीवाली मंडळी रोज विचारायला येत, कधी? मामा म्हणत, अजून शोभतेय.

एका सकाळी समोरचा आला, खुर्चीत बसला आणि स्वतःच कापड गळ्याशी बांधून घेतलं.

"दाढी कर."

मामा नाही म्हणाले. तो उठेना. मामी दुकानामागच्या घरातून येऊन दारात उभ्या राहिल्या, वर माझ्या कचेरीत आलेल्या बायका जिन्यावर जमल्या. मामांनी साबण लावला, तो मात्र सुरेख लावला. वस्तऱ्याला नवी पत्ती घातली आणि उजव्या गालावरून सुरुवात केली. समोरचा छताकडे बघत होता. त्याच्या हातांनी खुर्चीचे दांडे किती घट्ट धरलेत ते कापडाखालून दिसत होतं. उजवा गाल साफ झाला, रक्त नाही. वस्तरा जबड्याखाली वळला आणि मामा थांबले. मला वाटलं, आता काहीतरी कारण काढतील. पत्ती बोथट आहे, उजेड कमी आहे, साबण वाळला.

"मला धार लागत नाहीये," मामा मोठ्यानं म्हणाले. जिन्यावरच्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "इथपर्यंत नुसत्या नजरेनं आलो. गळ्यावर नजरेनं जाणार नाही."

त्यांनी वस्तरा मिटला आणि टेबलावर ठेवला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण मान खाली गेली नव्हती.

समोरच्यानं टॉवेलनं उरलेला साबण पुसला. "बरं," म्हणाला. "बाकीची तुला लागेल तेव्हा."

आम्हाला वाटलं, आपल्या दुकानात जाऊन तो बाकीची उतरवेल. पण त्यांच्या धंद्यात एक नियम आहे, तो आम्हाला तेव्हा कळला. एका कारागिरानं सुरू केलेली दाढी दुसऱ्यानं पुरी करायची नाही, मग तो दुसरा स्वतःच असला तरी. समोरचा अर्धी दाढी घेऊन फिरायला लागला. झालेली उजवी बाजू रोज सकाळी नीट साफ करायचा आणि डावी वाढू द्यायचा. गिऱ्हाइकं नुसती बघायला म्हणून यायची आणि लाजून केस कापून जायची. त्याच्या भाचीचं लग्न निघालं. तिथल्या सगळ्या फोटोंत तो एकच बाजू पुढे करून उभा आहे, नवरीकडे पाठ करून. त्याच्या बायकोनं त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याला अबोल्याची सवय होतीच.

मामांच्या मात्र जिवाला घोर लागला. रोज सकाळी शटर उघडलं की समोर ती अर्धी दाढी. व्यायाम करायचा कंटाळा करणारा माणूस आता सोडायचं नाव घेईना. वाटीभर बटणांत हात घालून बसायचे, चार भोकांचं वेगळं, दोन भोकांचं वेगळं. गिऱ्हाईक आलं तरी वाटी सोडायचे नाहीत. डॉक्टरीणबाईंनी तपासलं तेव्हा त्यांनी न विचारता स्वतःच डोळे मिटले आणि जिथे टोचलेलं कळलं नाही तिथे नाही म्हणाले.

मग एका दुपारी, मी बायकांना थकलेल्या सुट्ट्यांचा अर्ज समजावत होते, तेव्हा खालून हाक ऐकू आली. मामा दारात उभे राहून पलीकडे म्हणाले, "ये."

एवढंच. पण गल्लीतली सगळी यंत्रं थांबल्यासारखी झाली. समोरचा आला, बसला. मामांनी साबण लावायच्या आधी डोळे मिटले आणि त्याच्या डाव्या गालावरून अंगठा फिरवला. सुलट, मग उलट. एका ठिकाणी थांबले, परत तिथेच गेले.

"इथे भोवरा आहे," ते म्हणाले. "केस वरच्या अंगाला जातात."

समोरचा म्हणाला, जन्मापासून आहे, माझ्या आईखेरीज कोणाला ठाऊक नाही.

मामांनी डोळे उघडले. अंगठ्याच्या बाहेरच्या कडेला अजून जाड वाटतं, ते म्हणाले, पण पोट जागं आहे, आणि वस्तऱ्याला पोटच लागतं. मग त्यांनी साबण लावला.  पातं गालावरून उतरलं, जबड्याला वळलं, जरा थांबलं. समोरच्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मामांनी ती खाली यायची वाट बघितली आणि पुढे गेले.

झाल्यावर समोरच्यानं आरशात डावी बाजू बघितली, उजवी बघितली, परत डावी. जिन्यावर आम्ही सगळ्या पुढे वाकलेल्या. त्यानं तोंड वाकडं केलं.

"कानाखाली राहिलीय," तो म्हणाला.

मामांनी आरशात बघितलं नाही. कानाखाली नुसता अंगठा फिरवला, एकदा वरून, एकदा खालून.

"नाहीये," ते म्हणाले, आणि कापड झटकलं.

समोरचा म्हणाला, आहे. मामा म्हणाले, नाहीये. ते जे सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चालू राहिलं, आधी दुकानात, मग आपापल्या दारातून, रस्त्याच्या आरपार. खाली दाढ्या उतरवायला गल्लीची रांग लागली होती आणि त्या कालव्यात माझा अर्ज काही पुरा झाला नाही.